हमिंगबर्ड कुठे राहील, हे कोण ठरवतं?

पाइनवाट (सिएटल)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅनाज हमिंगबर्डची घरटी मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्नियात आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात सापडत. आज हाच पक्षी आमच्या सिएटलमध्ये बारा महिने राहतो. सीमा ओलांडून कॅनडात गेलात तर व्हँकुव्हरमध्येही तो भर थंडीत दिसतो. २०१७ साली त्या शहराने त्याला आपला अधिकृत पक्षी म्हणून निवडलं. वजन जेमतेम चार-साडेचार ग्रॅम, नराच्या डोक्यावर आणि गळ्यावर ऊन पडलं की लखलखणारा गडद गुलाबी रंग. एवढासा जीव शंभरेक वर्षांत हजार-दीड हजार किलोमीटर उत्तरेला सरकला आणि तिथे नुसता उन्हाळ्यापुरता येत नाही, कायमचा मुक्काम ठोकून बसला आहे.

इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: "हवामान बदलतंय ना, थंडी कमी झाली." थंडीचा वाटा असेलही. पण माझं ठाम मत आहे की आधी त्याच्या जेवणाकडे बघायला हवं. गारठा किती सोसायचा हे त्याच्या पोटात किती साखर आहे यावर अवलंबून असतं.

हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मकरंद पितो. त्यासाठी पंख सेकंदाला पन्नासच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त वेळा हलतात. हा खर्च भागवायला तो दिवसभरात स्वतःच्या वजनाहून जास्त मकरंद पितो. रात्री खाणं बंद. मग गारठ्याच्या रात्री तो शरीराचं तापमान मुद्दाम खाली आणतो. एरवी चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास असलेलं अंग गार पडतं, मिनिटाला हजाराच्या वर जाणारे हृदयाचे ठोके पन्नासच्या घरात येतात. याला टॉर्पर म्हणतात. पहाटे अंग थरथरवत तो परत गरम होतो, आणि त्यानंतर लगेच साखर मिळाली नाही तर मात्र जिवावर बेततं.

म्हणजे एखाद्या जागी हमिंगबर्डला वर्षभर राहायचं असेल तर तिथे वर्षातल्या प्रत्येक आठवड्याला काही ना काही फुललेलं हवं. मध्ये तीन आठवड्यांची खोट आली तरी जागा सोडावी लागते. दक्षिण कॅलिफोर्नियात हिवाळी पाऊस पडला की मांझानिटाची झुडपं आणि लाल लोंबत्या फुलांची रानटी गूजबेरी फुलते. म्हणून तिथल्या अ‍ॅनाजची वीण नोव्हेंबर-डिसेंबरातच सुरू होते. उत्तरेला, आमच्याकडे, त्या महिन्यांत रानात जवळजवळ काहीच फुलत नव्हतं.

मग माणसं आली. १८५० च्या दशकात, सोन्याच्या शोधाची धामधूम चालू असताना, कॅलिफोर्नियात ऑस्ट्रेलियाहून निलगिरी आली. हो, आपली उटीवाली निलगिरी! ती तिथे ऐन हिवाळ्यात फुलते. पाठोपाठ बागांमधून फ्यूशिया, नॅस्टर्शियम आणि अशी कितीतरी परदेशी झाडं पसरली. नंतर साखरपाण्याचे फीडर आले. कॅलेंडरमधली रिकामी पानं एकेक करत भरत गेली आणि पक्षी त्या भरलेल्या पानांमागून वर सरकत गेला. सिएटलमध्ये तो पोचला १९६० च्या दशकात.

कॉर्नेल विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट फीडरवॉच'मध्ये हजारो सामान्य लोक हिवाळ्यात आपल्या अंगणातले पक्षी मोजून नोंदी पाठवतात. एमा ग्रेग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की अ‍ॅनाज हळूहळू जास्त थंड आणि जास्त शहरी भागांत वस्ती करतोय, आणि उत्तरेच्या नव्या मुलखात तो फीडरवर येण्याचं प्रमाण वाढत गेलंय.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं, की जगात हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत, आणि प्रत्येकीचं गणित वेगळं आहे. भारताबाहेरची, म्हणजे अमेरिका-कॅनडातली, आणि प्रवास केलेली बरीच मंडळी इथे आहेत. तुमच्या भागात कोणता हमिंगबर्ड येतो, कधी येतो, कशावर जगतो, ते लिहा. मला खरंच वाचायचं आहे.

शेवंती (पुणे)

सुरेख लेख. एक शंका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर थंडीत कोणीतरी "गच्चीवर हमिंगबर्ड आला" म्हणून व्हिडिओ टाकतं. तो खरंच तरंगत फुलातला मध पीत असतो. मग हा कोण? आणि हमिंगबर्ड आपल्याकडे नसेल तर का नाही? फुलं तर आपल्याकडेही भरपूर आहेत.

कातळफूल (रत्नागिरी)

शेवंतीताई, भारतात हमिंगबर्ड नाही. तुमच्या व्हिडिओत दोघांपैकी एक असणार. चोच बाकदार आणि फांदीला धरून बसत मध पीत असेल तर शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. तो कधीकधी क्षणभर तरंगतो, पण ती त्याची नेहमीची रीत नाही. आणि बसतच नसेल, सतत तरंगत असेल, पुढे वळलेली लांब सोंड आणि डोक्यावर मिशा असतील तर तो पक्षी नाहीच, हॉकमॉथ नावाचा दिवसा उडणारा पतंग आहे. व्हिडिओ थांबवून बघा, सहा पायही दिसतील.

आपल्या शिंजिराचंही घर फुलांनीच ठरतं. आमच्याकडे आंब्यावर, फणसावर बांडगूळ माजतं. बागायतदार ते कापून टाकतात, ते बरोबरच आहे, झाड खंगतं. पण जिथे थोडं बांडगूळ राहतं तिथे शिंजीर हटकून असतो. त्याच्या फुलाची नळी पिकली की टोकाला घट्ट मिटलेली असते. शिंजीर येऊन टोक चोचीत धरून हलकेच दाबतो, फूल फट्कन उघडतं आणि पराग त्याच्या तोंडावर उडतात. सकाळी आठ-नऊच्या उन्हात जवळ उभं राहिलं तर हे नीट दिसतं. शिमग्याच्या आसपास पांगारा, काटेसावर, पळस निष्पर्ण होऊन फुलतात तेव्हा तर मेजवानीच. सह्याद्रीतला तो इवलासा क्रिमसन-बॅक्ड सनबर्ड, जो पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही, तोही फुलोऱ्याप्रमाणे जागा बदलत राहतो.

"का नाही" याचं उत्तर पाइनवाट देतील.

पाइनवाट

कातळफूल, बांडगुळाचं वर्णन वाचून जीव सुखावला. आभार.

शेवंती, मजेची गोष्ट म्हणजे हमिंगबर्डसारख्या पक्ष्याचे सर्वांत जुने अश्मीभूत अवशेष अमेरिकेत नव्हे, जर्मनीत सापडले आहेत. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे. लांब चोच, तरंगायला योग्य खांदा, सगळं होतं. २००४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. म्हणजे जुन्या जगातही हे कूळ एकेकाळी होतं आणि नंतर नाहीसं झालं. आज आफ्रिका-आशियात मकरंदाची ती जागा सूर्यपक्ष्यांनी घेतली आहे, आणि आपली फुलंही त्याला साजेशी आहेत: पक्ष्याला बसायला जाड दांडा किंवा फांदी देणारी. अमेरिकेतली हमिंगबर्डची फुलं बघा, बहुतेक हवेत लोंबत असतात, टेकायला जागाच नसते.

माईंचं_अंगण (न्यू जर्सी)

आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेच्या अख्ख्या पूर्व भागात, वीण करणारा एकच हमिंगबर्ड, रूबी-थ्रोटेड. एप्रिलच्या शेवटी येतो, ऑक्टोबर उजाडेपर्यंत गेलेला असतो. हिवाळ्यात इथे बर्फच बर्फ, फूल कुठून मिळणार? बहुतेक जण मध्य अमेरिका आणि मेक्सिकोत जातात. त्यातले कित्येक मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, सुमारे ८०० किलोमीटर, खाली नुसतं पाणी. त्याआधी खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करतात. तीन ग्रॅमचे सहा ग्रॅम!

मला जे सर्वांत आवडलं ते सांगते. वसंतात ते उत्तरेकडे येतात तेव्हा कॅनडाच्या बाजूला फुलं उमललेलीसुद्धा नसतात. मग खातात काय? सॅपसकर नावाचा एक सुतारपक्षी आहे. तो बर्च, मेपलच्या सालीत ओळीने छोटी छोटी भोकं पाडतो आणि पाझरणारा गोड रस पितो. हमिंगबर्ड त्याच्या मागोमाग फिरतात आणि त्याच भोकांतून रस पितात. रसाला चिकटलेली चिलटंही खातात. म्हणजे त्या उत्तरेच्या रानात हमिंगबर्ड टिकण्यामागे एका सुतारपक्ष्याचे कष्ट आहेत. आमच्या मागच्या बर्चवर ती भोकांची रांग आहे, शिवणयंत्राने टाके घातल्यासारखी.

प्रश्न: शेजारीण म्हणते सप्टेंबरात फीडर काढून ठेवा, नाहीतर पक्षी साखरेच्या मोहाने दक्षिणेला जाणार नाहीत आणि थंडीत मरतील. खरं आहे का?

पाइनवाट

माई, नाही. निघायची वेळ त्यांना दिवसाच्या लांबीवरून कळते. दिवस लहान होऊ लागला की अंगातच बदल होतो आणि भरल्या बाटलीसमोरून पक्षी निघून जातो. उलट फीडर ऑक्टोबरपर्यंत राहू द्या. उत्तरेकडून उशिरा खाली येणाऱ्यांना वाटेत तेवढाच आधार.

सॅपसकरचं आमच्याकडेही तसंच आहे, फक्त इकडचा लाल छातीचा.

वाळूतली_जाई (टूसॉन, अ‍ॅरिझोना)

आम्ही वाळवंटात राहतो आणि तरी हमिंगबर्डची चंगळ आहे, हे सांगून कोणाला खरं वाटत नाही. दक्षिण-पूर्व अ‍ॅरिझोनात वाळवंटातून उंच डोंगर उठतात. खाली निवडुंग, वर चढत गेलं की ओक आणि पाइन. इकडे त्यांना 'स्काय आयलंड्स' म्हणतात. मडेरा कॅन्यन, रॅमझी कॅन्यन या दऱ्यांत देशभरातून माणसं हमिंगबर्ड बघायला येतात. एकाच दरीत उभं राहून सकाळभरात कितीतरी जाती दिसतात.

याचं कारण पाऊस! इथे जुलै ते सप्टेंबर मान्सून असतो, नावही तेच. मे-जूनमध्ये जमीन भाजून निघते, रानात फुलं जवळपास संपलेली असतात. मग ढग येतात, वीज कडाडते, आणि आठ-पंधरा दिवसांत डोंगरउतार पुन्हा फुलतो. अगाव्हे, पेन्स्टेमॉन, रानटी साल्व्हिया. वर्षात दोन फुलोरे होतात. ऑगस्टमध्ये स्थानिक पक्षी असतातच, शिवाय उत्तरेकडून परतणारे रूफस जातीचे हमिंगबर्ड येतात, मेक्सिकोतूनही काही जाती वर येतात. पहिल्या पावसानंतर मातीचा वास येतो तेव्हा मला घरची आठवण येतेच, पण आता त्या वासाबरोबर पंखांचा झ्र्र् आवाजही आठवतो.

खालच्या सपाट वाळवंटातला कॉस्टाज हमिंगबर्ड मात्र वेगळ्याच चालीचा. तो हिवाळा आणि वसंतात चुपारोसा आणि ओकोटियोच्या लाल फुलांवर जगतो, तेव्हाच वीण उरकतो, आणि कडक उन्हाळा सुरू झाला की बरेचसे पश्चिमेला किनाऱ्याकडे निघून जातात. आमचा हा पक्षी उन्हाळ्याला घाबरतो, माईंचा हिवाळ्याला.

डोंगरवाट (नाशिक)

मी जीवशास्त्र शिकवतो. इक्वेडोरमध्ये काही काळ कामानिमित्त राहिलो होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

इक्वेडोर आकाराने महाराष्ट्राहून लहान, आणि हमिंगबर्डच्या जाती सव्वाशेहून जास्त. विषुववृत्तावर फुलं वर्षभर मिळतात हे एक कारण झालंच. पण खरी गंमत अँडीजच्या उभ्या चढात आहे. पायथ्याला दमट जंगल, मग धुक्याचं जंगल, त्याच्या वर पारामो नावाचा गवताळ गार पट्टा, आणि वर बर्फ. प्रत्येक पट्ट्यातली फुलं वेगळी, म्हणून पक्षी वेगळे. मोटारीने दोन-तीन तास चढलात की हमिंगबर्डचा अख्खा संच बदललेला असतो.

उंचीवर दोन अडचणी आहेत. हवा विरळ, म्हणून तरंगायला जास्त कष्ट. आणि रात्री गोठवणारी थंडी. तरी तिथे हमिंगबर्ड आहेत, कारण थंड, ढगाळ, भुरभुर पावसात मधमाश्यांना फारसं काम करता येत नाही. पक्ष्याचं रक्त गरम, तो पावसातही येतो. त्यामुळे उंचावरच्या कितीतरी झाडांनी आपली भिस्त पक्ष्यांवर ठेवली आहे. ज्या गारठ्याने हमिंगबर्डचं जगणं अवघड होतं, त्याच गारठ्यामुळे त्याला जेवणात वाटेकरी कमी मिळतात.

चिंबोराझो आणि कोतोपाक्सी या ज्वालामुखींच्या उतारांवर, साडेतीन हजार मीटरच्या वर, इक्वेडोरियन हिलस्टार राहतो. नराचं डोकं आणि गळा जांभळा, पोट पांढरं. त्याचं मुख्य झाड चुकिरागा: काटेरी पानांचं खुरटं झुडूप आणि नारिंगी, गोंड्यासारखी फुलं. मी कोतोपाक्सीच्या उतारावर त्याला खाताना पाहिलं. तो तरंगत नव्हता. फुलाच्या खालच्या काटेरी फांदीला पायांनी पकडून, वाऱ्याकडे पाठ करून बसला आणि एकामागोमाग एक फुलांत चोच घालत गेला. एका गोंड्याचं काम झालं की उडायच्या ऐवजी दोन पावलं सरकला. विरळ हवेत तरंगणं महाग पडतं म्हणून त्याने ते सोडूनच दिलं आहे. त्याचे पाय इतर हमिंगबर्डच्या मानाने चांगले दणकट असतात. घरटं कड्याच्या कपारीला चिकटवतो, म्हणजे वारा आणि हिमकण लागत नाहीत. याच कुळातली निळ्या गळ्याची एक जात नैर्ऋत्य इक्वेडोरच्या एका लहानशा डोंगराळ भागात सापडली आणि २०१८ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. इतकी छोटी वस्ती असलेल्या पक्ष्याचा पारामो जाळला किंवा खाणीला दिला तर तो जाणार कुठे?

पाइनवाटांनी टॉर्परबद्दल लिहिलंच आहे. पेरूच्या अँडीजमध्ये सुमारे ३८०० मीटरवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्लॅक मेटलटेल या जातीच्या एका पक्ष्याचं अंग रात्री ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरलेलं मोजलं गेलं. फ्रीजमधल्या पाण्याइतकं थंड, आणि सकाळी तो उडून गेला!

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. स्वोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड. याची चोच शेपूट वगळता उरलेल्या शरीराहून लांब. इतकी, की पिसं चोचीने साफ करता येत नाहीत, पायांनी खाजवावी लागतात. ही चोच आहे कृष्णकमळाच्या कुळातल्या एका गुलाबी, लांबलचक नळीच्या फुलासाठी. तो वेल असेल तिथे हा पक्षी, आणि हा पक्षी नसेल तिथे त्या फुलाला बी धरणं कठीण. अशा पक्ष्याला निलगिरी आणि फीडर दाखवून उत्तरेला नेता येणार नाही.

निर्झर (ठाणे)

डोंगरवाट सर, शेवटच्या वाक्यावर माझा मूळ लेखावरचा आक्षेप अवलंबून आहे. पाइनवाट, तुमच्या लेखात अ‍ॅनाजचं उत्तरेला जाणं आनंदाची गोष्ट म्हणून आलं आहे. मला ते तसं वाटत नाही. आपण परदेशी झाडं लावली, साखरेच्या बाटल्या टांगल्या आणि एक पक्षी जिथला नाही तिथे आणून ठेवला. उद्या लोकांनी बाटल्या भरणं सोडलं तर? शिवाय या आगंतुकाने तिथल्या मूळच्या हमिंगबर्डचं अन्न खाल्लं तर? कबुतरांना दाणे टाकून ठाण्या-मुंबईत काय झालंय ते आम्ही रोज भोगतो. माणसाने खायला घातलेल्या पक्ष्याचं कौतुक करावं असं मला वाटत नाही.

पाइनवाट

निर्झर, आक्षेप रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

पहिलं, अवलंबून राहण्याचं. हमिंगबर्ड नुसत्या साखरेवर जगूच शकत नाही. साखरपाण्यात प्रथिनं नसतात. तो दिवसभर चिलटं, मावा, छोटे कोळी टिपत असतो, आणि पिल्लांना वाढवताना मादी मुख्यतः किडेच भरवते. घरट्यासाठी तर तिला कोळ्याचं जाळं लागतंच. आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून मादी जाळं गोळा करते ते फेब्रुवारीत दिसतं: चोच जाळ्यात घालून फिरवते, धागा चोचीला आणि छातीला गुंडाळला जातो, मग जाऊन वाटीसारख्या घरट्याला तो बाहेरून लपेटते आणि त्यावर दगडफुलाचे तुकडे दाबून बसवते. पिल्लं वाढली की हे घरटं ताणलं जाऊन मोठं होतं. म्हणजे ज्या बागेत औषधं मारून किडे-कोळी संपवले आहेत तिथे बाटली कितीही भरली तरी वीण होणार नाही. अन्न म्हणजे साखर आणि किडे दोन्ही. म्हणून कबुतराची तुलना मला पटत नाही. धान्याच्या पोत्यावर कबुतरांचा थवा पोसता येतो, बाटलीवर हमिंगबर्डची पुढची पिढी वाढवता येत नाही.

तरी तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे ते कडाक्याच्या थंडीबाबत. २०२१ च्या डिसेंबरअखेर आमच्याकडे पारा उणे सात-आठच्या आसपास उतरला होता. साखरपाणी शून्याच्या थोडं खाली गोठतं. त्या दिवसांत शेजारीपाजारी सगळे पहाटे उठून फीडर बदलत होते, कोणी खाली बल्ब लावला होता, कोणी बाटलीला लोकरी मोजे चढवले होते. उजेड फुटायच्या आधी पक्षी येऊन बसलेला असायचा, पिसं फुगवून, आणि नेहमीसारखा भुर्रकन न उडता हाताच्या अंतरावर थांबायचा. हिवाळ्यात फीडर लावायचाच असेल तर अशा दिवशी तो बंद पडू देऊ नये. जमणार नसेल तर लावूच नये आणि झाडांवर भर द्यावा, हे मी इथे सगळ्यांना सांगतो.

दुसरं, मूळच्या पक्ष्यांचं. आमच्याकडचा मूळचा उन्हाळी पाहुणा म्हणजे रूफस, वीटकरी रंगाचा, अ‍ॅनाजहूनही लहान आणि अतिशय भांडकुदळ. तो हिवाळा मेक्सिकोत काढतो आणि वसंतात पॅसिफिक किनाऱ्याने वर येतो, पार दक्षिण अलास्कापर्यंत. एवढ्या उत्तरेला वीण करणारा दुसरा हमिंगबर्ड नाही. परतताना मात्र जुलैपासून रॉकी पर्वताच्या वाटेने उतरतो, कारण तेव्हा किनाऱ्याचा फुलोरा ओसरलेला असतो आणि डोंगरावरची कुरणं भरात असतात. जाण्याची वाट एक, येण्याची दुसरी, दोन्ही फुलांनी आखलेल्या. या रूफसची संख्या १९७० पासून निम्म्याहून जास्त घटली आहे. ही माझ्या दृष्टीने खरी काळजीची गोष्ट आहे. अ‍ॅनाज कुठल्याही बागेत भागवून घेतो. रूफसला हजारो किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक थांब्याला योग्य आठवड्यात फूल हवं, एक थांबा मोडला तरी साखळी तुटते.

म्हणून अ‍ॅनाजचं वाढणं मी नुसतं कौतुक म्हणून लिहिलेलं नाही. आपल्या बागांनी एका पक्ष्याचा नकाशा बदलता येतो हे त्यातून सिद्ध झालं. मग त्याच बागांनी रूफसचे थांबे का जपू नयेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

निर्झर (ठाणे)

पिल्लांचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो पटला. परदेशी झाडांबद्दलचा आक्षेप मात्र कायम ठेवतो.

बर्फाळ_मोगरा (डेन्व्हर)

रूफसच्या परतीच्या वाटेवर आम्ही राहतो. जुलैत ते आले की फीडरवर रणकंदन. आमचे इथले ब्रॉड-टेल्ड हमिंगबर्ड बिचारे मागे हटतात.

पण मला लिहायचंय ते ब्रॉड-टेल्डबद्दल. कोलोरॅडोत गॉथिक नावाच्या ठिकाणी, सुमारे २९०० मीटरवर, रॉकी माउंटन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी आहे. तिथे डेव्हिड इनूये यांनी १९७० च्या दशकापासून त्याच त्याच जागी कोणतं फूल कधी उमललं याच्या नोंदी ठेवल्या. बर्फ वितळताच उमलणारी पिवळी ग्लेशियर लिली हे आल्या आल्या ब्रॉड-टेल्डला मिळणारं सुरुवातीचं अन्न. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ही लिली १९७० च्या दशकाच्या मानाने १७ दिवस लवकर उमलू लागली आहे. पक्षीही लवकर येतो, पण तेवढा नाही. असंच चालू राहिलं तर पक्षी पोचेपर्यंत पहिला फुलोरा झडून गेलेला असेल.

म्हणजे जागा तीच, फुलंही तीच, फक्त तारीख चुकली तरी घर राहण्याजोगं राहत नाही. पाइनवाट, तुम्ही "हवामान की अन्न" असं वेगळं केलंत, पण इथे हवामानच अन्नाची तारीख बदलतंय.

पाइनवाट

मोगरा, अगदी बरोबर, आणि हे माझ्या लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. गारठा पक्ष्याला थेट मारतो त्यापेक्षा फुलांच्या मार्फत जास्त हलवतो, हेच तुमच्या उदाहरणातून दिसतं.

डोंगरवाट (नाशिक)

तारखेबरोबर वाटेचाही विचार करायला हवा. कोस्टा रिकात ग्रीन हर्मिट नावाचा, जंगलाच्या सावलीत राहणारा हमिंगबर्ड आहे. संशोधकांनी काही पक्षी पकडून, अंगावर चिमुकले ट्रान्समीटर लावून, त्यांच्या हद्दीपासून दूर सोडले. परतताना ते उघड्या कुरणावरून सरळ उडाले नाहीत. झाडीचा आडोसा धरत, लांबचा वळसा घालून घरी गेले. पलीकडच्या तुकड्यात फुलं असली आणि मध्ये मोकळं रान असलं तर त्या फुलांचा त्याला उपयोग नाही.

याची दुसरी बाजू फुलाला भोगावी लागते. तिथली एक हेलिकोनिया, आपल्या कर्दळीची लांबची नातेवाईक म्हणा, लांब वाकड्या चोचीच्या हर्मिटने भेट दिली तरच परागकण नीट रुजू देते. इतर कोणी आलं तर प्रतिसाद थंड. झाडीच तुटली की हर्मिट येत नाहीत, हर्मिट आले नाहीत की बी धरत नाही.

कातळफूल (रत्नागिरी)

सर, हे वाचून आमच्याकडच्या सड्यालगतच्या राया आठवल्या. दोन देवरायांच्या मधली झाडी साफ झाली की काय होतं ते शिंजिरांच्या बाबतीतही कोणीतरी बघायला हवं. आमच्या निसर्गमंडळात हा विषय मांडतो.

नवं_घर (पोर्टलंड)

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आम्ही नुकतंच घर घेतलंय, मागे छोटं अंगण आहे, नुसतं गवत. रूफससाठी काही करायचं असेल तर काय लावू? फीडर लावावा की नाही? घरात लहान मुलं आहेत, रोज पहाटे बाटली बदलणं मला झेपणार नाही.

पाइनवाट

मग हिवाळ्यात फीडर नको, झाडं लावा.

सर्वांत आधी रेड-फ्लॉवरिंग करंट. आपल्या भागातलं मूळचं झुडूप, पुरुषभर ते दीड पुरुष वाढतं, गुलाबी-लाल फुलांचे घोस लोंबतात. रूफस आपल्याकडे पोचायला आणि ते फुलायला मार्चमध्ये गाठ पडते. अंगणात एकच झाड लावायला जागा असेल तर हेच लावा. कोपऱ्यात ओल राहत असेल तर सॅमनबेरी, ती पण साधारण त्याच सुमारास. उन्हाळ्यासाठी केशरी हनीसकलचा इथलाच वेल कुंपणावर चढवा. हिवाळ्यात अ‍ॅनाजला काही हवंच असेल तर महोनियाच्या हिवाळी जाती नोव्हेंबरपासून पिवळ्या तुऱ्यांनी फुलतात. ती बागायती संकरित आहे, निर्झर यांना आवडणार नाही, पण एखादं झुडूप असायला हरकत नाही.

उन्हाळ्यात मुलांना हौस म्हणून फीडर लावलात तर एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. मध, गूळ, ब्राउन शुगर, लाल रंग, काही नाही. उकाड्यात दर दोन दिवसांनी बाटली गरम पाण्याने घासून धुवायची, नाहीतर बुरशी धरते.

करंट लावायला पाऊस सुरू झाल्यावरचा काळ चांगला, ऑक्टोबर-नोव्हेंबर. नर्सरीत घेताना रोपावर अंतर्प्रवाही कीटकनाशक मारलंय का ते आवर्जून विचारा. ते मुळांतून मकरंदापर्यंत पोचतं, आणि चिलटंही मरतात. मूळच्या झाडांच्या विक्रीचे मेळे आपल्या दोन्ही शहरांत वसंत आणि शरदात भरतात, तिथे अशी रोपं बहुतेक वेळा औषध न मारलेली मिळतात. तिकडे मातीचा पोत आणि ऊन किती तास येतं ते सांगितलंत तर ते लोक नेमकी जागाही सुचवतात.